बुद्धिबळ नोंदी : सध्या मुक्काम एंडगेमला

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं कपाटात टाकलीत आणि एंडगेम, म्हणजे मोजकी मोहरी उरलेला शेवटचा टप्पा, शिकायला एकच डाव घेऊन बसलोय. दिव्या देशमुख विरुद्ध तान झोंगयी, बातुमी, महिला विश्वचषक २०२५, उपांत्य फेरीतला दुसरा डाव. दिव्या पांढऱ्याकडून, सुरुवात सिसिलियन बचावातल्या अलापिन प्रकाराची, एकूण १०१ चाली.

पद्धत साधी आहे. संध्याकाळी भाची क्लासवरून आली की पट मांडायचा. पुढची चाल लग्नपत्रिकेनं झाकायची, दोघांनी आपापली चाल वहीत लिहायची, मग पत्रिका खाली सरकवायची. शेजारचे माग सुरूच असतात, त्या खडखडाटात एकाग्रतेचा वेगळा सराव होतो! वजिरावजिरी झाली, म्हणजे दोन्ही वजीर पटाबाहेर गेले, की माझा हात घोड्याकडेच जातो. भाची ओरडते, "मामा, राजा पुढं आणा की, आता त्याला काय भ्या आहे?" बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं.

हा विश्वचषक जिंकल्यावर दिव्याला ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब 'फुकटात' मिळाला, असं आमच्या कट्ट्यावर एकदोघं म्हणतात. रीतसर वाट अशी की २६०० रेटिंगच्या तोडीच्या कामगिरीचे, साधारण २७ डाव भरतील असे तीन नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत गाठायचे टप्पे) आणि २५०० रेटिंग. तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता, हे खरं. पण विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो आणि नागपूरच्या या तेव्हा १९ वर्षांच्या, पंधरावं मानांकन असलेल्या मुलीनं वाटेत कोणाकोणाला हरवलं ते बघा: दुसरी मानांकित झू जिनर, टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या जलद डावांत) हरिका, माजी जगज्जेती तान आणि अंतिम फेरीत हंपी. तिथंही दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत, पहिला रॅपिड, म्हणजे जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा तिनं काळ्याकडून जिंकला. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. याला फुकट म्हणणाऱ्यानं आधी बरोबरीच्या स्थितीत तासभर बसून दाखवावं.

मला नेमकं तेच जमत नव्हतं. समसमान दिसलं की हात पुढे करायचा, 'बरोबरी?' आता प्रत्येक चालीला स्वतःला विचारतो: समोरच्याला कुठलं प्यादं सांभाळताना त्रास होईल? गेल्या काही डावांत यातूनच अर्धा-अर्धा गुण जास्त आलाय.

रेटिंगचं विचारू नका. मार्च २०२४ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदम वर ढकलले, त्यात माझाही फुगला. ती प्रगती धरत नाही.

पुढं हत्तीचे एंडगेम घेणार, आधी ल्युसेना (जिंकायची ठरलेली स्थिती), मग फिलिडोर (बरोबरी राखायची). जुळे सोलापूरकडं कुणाला रविवारी सकाळी लांब डाव खेळायचा असेल तर या, ब्लिट्झवाल्यांनी, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव खेळणाऱ्यांनी, माफ करावं. घड्याळ माझ्याकडे आहे, पट तेवढा तुम्ही आणा.