सहाशे मिलिमीटरची लेन्स घेण्याआधी

मार्चच्या पहिल्या आठवड्यातील एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, चांगदेवच्या बाजूला, मी चक्रवाक बदकांच्या एका जोडीची जवळजवळ दीडशे छायाचित्रे काढली. घरी भुसावळला येऊन ती संगणकावर पूर्ण आकारात उघडली, तेव्हा एकाही चित्रात पक्ष्याचा डोळा स्वच्छ नव्हता. नारिंगी पिसांचा रंग होता, आकारही होता, पण पिसापिसांमधली रेषा सगळीकडे ओल्या कागदावर शाई पसरावी तशी पसरलेली होती. दोन वर्षे पैसे साठवून घेतलेली १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स अवघी दोन महिन्यांची होती, आणि दोष तिचाच आहे अशी माझी त्या रात्री पक्की खात्री झाली.

ती लेन्स मी दुरुस्ती केंद्रात पाठवली. तीन आठवड्यांनी ती परत आली आणि सोबतच्या कागदावर दोष आढळला नाही एवढेच लिहिले होते. मला त्याचा राग आला. पुढच्या रविवारी मी पुन्हा हतनूरला गेलो, त्याच वेळी, त्याच जागी. काठावर जाळे सोडवत बसलेले एक वयस्कर भोई काका बराच वेळ माझी धडपड पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, आता उन्हात काय दिसीन तुम्हाले? हवाच हालून राह्यली." मी कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि समोर नुसते पाहिले. पलीकडच्या काठावरची बाभळीची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत थरथरत होती. पाण्याची कड एका जागी स्थिर नव्हती. इतके दिवस ते दृश्य माझ्यासमोर होते आणि मी ते लेन्समधून सहाशे मिलिमीटरने मोठे करून टिपत होतो.

लांब पल्ल्याची लेन्स निवडण्याविषयी खानदेशातल्या कोणाशीही बोलायचे झाले, तर मी या हवेपासून सुरुवात करतो. आपल्याकडे काळी जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून वर जाते आणि वरची तुलनेने थंड हवा खाली येते. तापलेल्या आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो, त्यामुळे पक्ष्यापासून निघालेले किरण लेन्सपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत शंभर ठिकाणी हलकेच वाकतात. अंतर जितके अधिक, तितका हा परिणाम अधिक. तो घालवणारी लेन्स कोणतीही कंपनी बनवत नाही, आणि लाखांच्या घरातली, झूम नसलेली प्राइम लेन्सही दुपारी दीडशे मीटरवरच्या बदकासमोर तशीच हतबल होते. उघड्या माळावर हिवाळ्यातसुद्धा दहानंतर हा त्रास सुरू होतो. डिसेंबरच्या पहाटे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते आणि त्यावर वाफ दिसते, तेव्हाही थोडा होतो.

हवेचा दोष, हाताचा दोष, फोकसचा दोष आणि लेन्सचा दोष हे चार वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले असे मी समजतो. एकाच पक्ष्याची सलग दहा चित्रे घ्यावीत. हवेचा दोष असेल तर प्रत्येक चित्रात मऊपणा वेगळ्या जागी दिसतो, एकात चोच स्वच्छ आणि पाठ विस्कटलेली, दुसऱ्यात उलटे, आणि सरळ कडा नागमोडी झालेल्या असतात. हात हलला असेल तर सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्या जातात आणि चकाकणाऱ्या ठिपक्यांच्या लहानशा रेघा होतात. फोकस चुकला असेल तर पक्ष्याच्या पुढचे किंवा मागचे गवत तरी काडीन् काडी स्पष्ट असते. लेन्समधील भिंग तिरके बसले असेल तर चित्राची तीच एक बाजू दर वेळी मऊ येते, मग पक्षी कोणताही असो. माझ्या दीडशे चित्रांत पहिला प्रकार होता, आणि तो मला ओळखता आला नव्हता.

आता लांबीचा प्रश्न. सहाशे की चारशे, असे लोक विचारतात, आणि उत्तर साध्या गुणाकारात आहे. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), भागिले अंतर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार. चक्रवाक साधारण ६० सेंटिमीटरचा धरू. तो ६० मीटरवर असेल तर सहाशेच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची लांबी ६ मिलिमीटर भरते, चारशेमधून ४ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (आकाराने लहान) सेन्सरवर ६ मिलिमीटर म्हणजे सुमारे दीड हजार पिक्सेल आणि ४ मिलिमीटर म्हणजे सुमारे एक हजार. क्षेत्रफळाने पाहिले तर सहाशेला सव्वादोनपट पिक्सेल मिळतात, आणि हा फरक लहान मुळीच नाही. मात्र तोच पक्षी ३० मीटरवर आला तर चारशेच्या लेन्समधूनच प्रतिमा ८ मिलिमीटर होते, शिवाय मधली निम्मी तापलेली हवा वगळली जाते. म्हणून मी आधी विचारतो, की तुम्हाला कोणते पक्षी टिपायचे आहेत आणि ते तुम्हाला किती जवळ येऊ देतात.

हतनूरचा फुगवटा तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या परिसरात पसरलेला आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि वारकऱ्यांचे मोठे थवे उतरतात. हे पक्षी उघड्या पाण्यावर असतात आणि काठावर उभ्या माणसाला जवळ येऊ देत नाहीत. तिथे पाचशे-सहाशेला पर्याय नाही. याउलट सातपुड्यात, यावलच्या अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या वाटेवर साग विरळ असला तरी फांद्या मध्ये येतात, चढ असतो, आणि पक्षी दिसतो तेव्हा तो पंधरा-वीस मीटरवर असतो. १८८४ नंतर कोणालाच खात्रीने न सापडलेला रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा दिसला, हे आपल्या भागाचे भाग्य आहे. हा जेमतेम २३ सेंटिमीटरचा पक्षी दिवसा वावरतो आणि उघड्या फांदीवर बराच वेळ बसतो. त्याच्यासाठी लांबीपेक्षा तासाभराच्या चढानंतरही स्थिर राहणारा हात अधिक कामाचा ठरतो. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नये, हे इथेच सांगतो. दुर्मीळ पक्ष्याला असा त्रास देऊन मिळवलेला स्वच्छ फोटो मला पाहवत नाही.

हातातल्या वजनाचा विचार विकत घेताना कोणी फारसा करत नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी सुमारे १.९ किलोची आहे, टॅमरॉनची १५०-६०० जी-२ दोन किलोची, निकॉनची २००-५०० एफ ५.६ ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसह २.३ किलोची, सोनीची २००-६०० सुमारे २.१ किलोची. सिग्माचीच स्पोर्ट मालिकेतील १५०-६०० मात्र २.८ किलोच्या पुढे जाते. कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती दीड किलोच्या थोडी वर आहे, आणि ती एका मीटरपेक्षाही जवळच्या वस्तूवर फोकस करते, त्यामुळे वेडा राघू, फुलपाखरू, चतुर सगळे एकाच लेन्समध्ये होते. दुकानात काउंटरवर दोन मिनिटे धरलेले दोन किलो आणि पहाटे सहापासून साडेनऊपर्यंत गळ्यात वागवलेले दोन किलो यांत फार अंतर आहे. हात थकला की पक्षी उडण्याच्या क्षणी लेन्स वर येते, पण अर्धा सेकंद उशिरा येते. माझा सल्ला असा आहे की शक्य असेल तर एखाद्या मित्राची तीच लेन्स मागून एक पूर्ण सकाळ वापरावी आणि नंतरच पैसे मोजावेत.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येऊ देणारे छिद्र, आकडा लहान तितके ते मोठे. त्याच्या आकड्यांवर लोक फार भांडतात. एफ ५.६ आणि एफ ६.३ यांच्यात स्टॉपचा एक तृतीयांश फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि आजच्या सेन्सरवर तो आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, थोडा वाढवून भरून निघतो. महत्त्वाची गोष्ट ही, की या किमतीच्या बहुतेक झूम लेन्स शेवटच्या टोकाला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरवर किंचित मऊ असतात. सहाशेवरून पाचशे-साडेपाचशेवर आणि एफ ६.३ वरून एफ ८ वर आले की पिसांची वीण खुलते. त्यासाठी उजेड लागतो, आणि तो आपल्याकडे सकाळी आठनंतर मुबलक असतो. हवा बिघडण्याआधीचे ते दीड-दोन तास मी सगळ्यात मोलाचे मानतो.

शटर स्पीडवर तडजोड करू नये. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सावरते, पक्ष्याच्या मानेची हालचाल सावरणे त्याच्या आवाक्यात नाही. बसलेल्या पक्ष्यालाही मी १/१००० सेकंदापेक्षा संथ सहसा जात नाही, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून जलद ठेवतो.

धुळीविषयी थोडे सांगतो, कारण ती आपली रोजची आहे. काही लेन्स झूम करताना लांब होतात आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढतात. सोनीची २००-६०० आणि निकॉनच्या झेड माउंटची १८०-६०० या आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही, शिवाय वजनाचा तोल ढळत नाही. कपाशीच्या शेताच्या बांधावरून जीपने जाताना या फरकाची किंमत कळते. आत गेलेले चार धूलिकण चित्रात दिसत नाहीत, तेवढ्याने घाबरू नये. पुढच्या काचेला स्वस्त यूव्ही फिल्टर लावणे मात्र मी बंद केले. ९५ मिलिमीटरचा चांगला फिल्टर महाग पडतो, आणि साध्या काचेने सहाशेवरची रेषा बोथट होते हे मी फिल्टर काढून आणि लावून स्वतः पाहिले आहे. त्याऐवजी पुढे बसणारा, तिरपा उजेड अडवणारा हूड कायम लावलेला असतो. गाडीतून छायाचित्रे काढायची असल्यास एसी आधीच बंद करून काचा खाली कराव्यात, कारण गार गाडी आणि तापलेला माळ यांच्यामधल्या खिडकीतच हवा सगळ्यात जास्त हलते. खिडकीवर ठेवायला मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात मका भरला. विकतच्या बीन बॅगपेक्षा ती कुठेही कमी पडत नाही.

वापरलेली लेन्स घेत असाल तर विटांच्या भिंतीसमोर, भिंतीला अगदी समांतर ट्रायपॉड लावून, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर चित्र घ्यावे आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावेत. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद ठेवावे. कोपरे थोडे मऊ असले तर चालते, एकच कोपरा वेगळा असेल तर ती लेन्स परत करावी. मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे जाळे नाही ना हे पाहावे. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरणाऱ्यांनी फोकस थोडा पुढे-मागे पडतो का हे दहा मीटरवरच्या वर्तमानपत्रावर तपासावे, आणि पडत असेल तर कॅमेऱ्यातील सूक्ष्म समायोजन वापरावे. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस प्रत्यक्ष सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून ही अडचण जवळजवळ उरत नाही. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायचे प्रतिमा मोठी करणारे भिंग, मात्र या झूम लेन्सना लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, एफ ६.३ चे एफ ९ होते, पुष्कळ डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे थांबतो, आणि वाढलेल्या आकारात हवेची थरथरही वाढून येते.

मला आज नव्याने घ्यायची असती आणि माझे चालणे मुख्यतः सातपुड्यात असते, तर मी १००-४०० घेतली असती. माझे रविवार हतनूरला जातात, म्हणून १५०-६०० माझ्याकडे राहिली, आणि तिच्याविषयी आता माझी काही तक्रार नाही.

या जानेवारीत त्याच भोई काकांच्या होडीतून सूर्य वर येताना निघालो. पट्टकादंबांच्या कळपातील कडेच्या पक्ष्याने मान ताठ केली की काका वल्हे थांबवायचे, मान पुन्हा खाली गेली की दोन वल्ही मारायचे. असे करत चाळीस मिनिटांत आम्ही तीस-पस्तीस मीटरवर पोहोचलो आणि तिथेच थांबलो. लेन्स पाचशेच्या आसपास होती, ॲपर्चर एफ ८, शटर १/१६०० सेकंदावर. घरी चित्र पूर्ण आकारात उघडले, तेव्हा डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांच्या कडेचे पांढरे पीस एकेक मोजता येत होते, आणि डोळ्याच्या काळ्या भागात तांबडे क्षितिज आणि आमच्या होडीचे टोक दिसत होते. ते चित्र छापून मी काकांना नेऊन दिले.