राहुरी फॅक्टरीच्या पुढे

विळद घाट उतरेपर्यंत आमच्या हरेगावच्या पदयात्रेतले सगळे गात होते. पुढचं आता एकमेकांत मिसळून गेलंय. चहा देहऱ्यात प्यायलो की त्याच्या आधी, पाऊस कृषी विद्यापीठापाशी लागला की मुळेच्या पुलावर, कुठल्या शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, काही विचारू नका. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे मात्र एकेक आठवतात.

मी मूळची नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चची, म्हणजे प्रोटेस्टंट. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं, जे मिशन १८३१ पासून नगरला आहे. घरात ना जपमाळ, ना तसबीर. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आई मारियेच्या, यात्रेचं नाव निघालं की वडील नुसते हसायचे. लग्न कॅथलिक घरात झालं. सासूबाई होत्या तोवर दर सप्टेंबरात पायी गेल्या. त्या परतल्या की पाणी तापवायचं आणि त्यांचे पाय शेकून द्यायचे, एवढाच माझा मतमाउलीशी संबंध. यंदा नणंद म्हणाली, "वहिनी, आईच्या जागी घरातून कुणीतरी जायला हवं." कुणीतरी म्हणजे कोण, हे तिने आधीच ठरवलेलं होतं.

पुढे टेम्पो, टेम्पोत मारियेची तसबीर, तिच्या डोक्यावर कर्णा, आणि माइक हातातून न सोडणारा एक पोरगा. 'नमो मरिये कृपापूर्णे' दहादा झालं की मध्येच, "डाव्या बाजूनं चला, बाटल्या रस्त्यात टाकू नका." सुरुवातीला मला जपाचा रागच आला. प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणं, असं शिकलेली मी. एकच वाक्य पन्नास वेळा आपण नवऱ्याशी तरी बोलतो का? (बोलतो. ते असो.) मग ख्रिस्ती कवी टिळकांचं भजन लागलं आणि मी सगळ्यांच्या वर आवाज काढला. ना. वा. टिळक आमच्याही घरचे आणि यांच्याही. त्यानंतर कधीतरी ट्रकच्या हॉर्नमध्ये, पावसात, माझी पावलं त्या 'नमो मरिये'च्या लयीत पडायला लागली. कधीपासून, ते कळलं नाही. राग गेला नव्हता, तोही सोबत चालत होता.

शुक्रवार, म्हणून जपमाळेतली दुःखाची रहस्ये चाललेली. राहुरी फॅक्टरी मागे पडली आणि पावसानंतरचं ते चिकट ऊन पडलं. मोजे ओले. डाव्या टाचेला आणि चवड्याखाली फोड आलेले. काट्यांच्या मुकुटाच्या रहस्यापर्यंत कर्णा ऐकू येत होता, पुढे तोही उसाच्या पलीकडे गेला. नणंदेने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मनात तिला जे बोलले, ते जप चालू असताना बोलायचं नसतं.

रस्त्याकडेला एक बाई म्हशीसाठी घास कापत होती. गळ्यात तुळशीची माळ. विळा थांबवून म्हणाली, "कुठली दिंडी म्हनायची ही? आषाढी तं झाली."

"हरेगाव. मतमाउली."

"मंग टेक हितं. अशी कितीक चालशीन?"

पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसवलं. बादलीभर पाणी आणलं आणि माझा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. चिखल, घाम, मोज्याचा वास. मी "नको, नको, मीच करते" म्हणत पाय ओढला.

"वढू नको. सुई लागंन."

पाय धुतला, पुसला. काळ्या दोऱ्याची सुई दिव्यावर धरली, फोडातून आरपार काढली, दोरा आतच ठेवून टोकं कापली. म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडी निघत नाही. वर हळद-तेल. निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत जाताना करमाळ्याच्या पुढं हे एका म्हातारीनं तिला शिकवलं होतं.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी मी सासरच्या चर्चमध्ये दरवर्षी बघते. बारा पुरुष रांगेत बसतात. २०१६ पासून बायकांनाही बसता येतं, पोप फ्रान्सिस यांनी तशी मुभा दिली, पण आमच्याकडे अजून बाराही पुरुषच. आणि प्रत्येक जण घरून साबणाने पाय घासून आलेला. फादरांनी धुवायला काही शिल्लकच नसतं. येशू शिष्यांचे पाय धुतो त्या कथेतला पेत्र तिथे मला नेहमी लाजाळू वाटायचा, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत म्हणणारा. त्या बाजेवर बसल्यावर वाटलं, तो लाजत नव्हता. त्याला कुणाच्या ऋणात राहायचं नव्हतं, प्रभूच्यासुद्धा. सासूबाई किती सहज पाय पुढे करायच्या! मला त्याचा रागच यायचा.

निघताना पैसे पुढे केले तर तिनेच पिशवीतून दहाची नोट काढली. "तिथं एक मेणबत्ती लाव. नातू चार वर्षांचा झाला, बोलत नाही." आम्ही नवस करत नाही, तारण विश्वासाने असतं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. नोट घेतली. नाव विचारलं तर म्हणाली, "तिला ठावं आसंन."

बेलापूर, प्रवरेचा पूल, श्रीरामपूर. (बेलापूरचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, यावर आमच्यातले दोघं गावभर वाद घालत गेले.) मग हरेगाव. बंद पडलेला साखर कारखाना, चिखल, पाळणे, मारियेच्या जन्मदिवसाची गर्दी. मिस्सा मी उभ्यानेच ऐकला, प्रवचनात झोप आली.

मेणबत्ती वीस रुपयांची होती. दहा माझे घातले. नातवासाठी चार शब्द मनातल्या मनात बोलले, माझ्या पद्धतीने, जपाशिवाय. तेवढ्यात एक स्वयंसेवक जागा करायला अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या उपटून डब्यात टाकत आला.

"ही राहू द्या."

"ताई, मागं रांग बघा."

"ही माझी नाही. राहुरी फॅक्टरीजवळच्या एका बाईची आहे. पुरती जळू द्या."

"तुम्ही कुठल्या पॅरिशच्या?" त्याने वैतागून विचारलं.

"ह्यूम मेमोरियल," म्हटलं. त्याला त्यातून काय कळलं कुणास ठाऊक, तो शेजारच्या ओळीकडे वळला. नणंद भेळेच्या गाडीवरून हाका मारत होती, टेम्पो सुटतोय म्हणून. तिला खुणेनेच सांगितलं, तू बस, मी एसटीने येते.