मावशीच्या झग्याची शिवण

शनिवारी दुपारच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, स्पेटिगचा बूट मावशीच्या झग्यावर पडला आणि कमरेची शिवण टर्रकन उसवली. काळ्या सॅटिनखालची राखाडी विजार वीतभर उघडी पडली. हशा असा उसळला की पुढची तीन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. विंगेत सुईदोरा घेऊन उभी असलेल्या माझे हात गार पडले.

मी इंग्लंडमधल्या एका छोट्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते. सध्या ‘चार्लीज आंट’ चालू आहे. त्यात लॉर्ड बॅबर्ली हा तरुण मित्राच्या मावशीचं सोंग घेतो आणि म्हातारा स्पेटिग तिला खरी बाई समजून तिच्या मागे लागतो. झगा मीच शिवलाय. पाठीवरचे हूक शोभेचे. झगा बसतो आतल्या टिचबटणांवर. वेल्क्रो मी लावू देत नाही, त्याचा चर्र आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो. तिसऱ्या अंकात मावशीचा पुन्हा लॉर्ड बॅबर्ली करायचा असतो, म्हणून शर्ट-विजार आधीपासून अंगातच. तो बदल आम्ही चाळीस सेकंदांत करतो.

प्रयोगानंतर दिग्दर्शक खुशीत म्हणाले, “आता रोज उसवायची!”

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. दिग्दर्शकांना हशा मोजता येतो, तो कशावर उभा आहे हे ते बघत नाहीत. ब्रँडन थॉमसच्या या फार्सचा पहिला प्रयोग २९ फेब्रुवारी १८९२ रोजी बरी सेंट एडमंड्सला झाला. त्याच डिसेंबरात तो लंडनला रॉयल्टी थिएटरात आला, मग ग्लोबला गेला. पेनली नावाचे नट मावशी करायचे. लंडनमध्ये १,४६६ प्रयोग झाले, ते सगळे एका गोष्टीवर: विजार आपल्याला माहीत आहे, स्पेटिगला नाही. अत्र्यांनी १९४७मध्ये यावरून ‘मोरूची मावशी’ केली, तेव्हा झग्याची साडी झाली, पण ही गोष्ट त्यांनी हलवली नाही.

तरी सांगितल्याप्रमाणे मी शिवण काढून तिथे टिचबटणं लावली. ती वेळेवर सुटली. हशा निम्मासुद्धा आला नाही. शनिवारी स्पेटिग खरोखर अडखळला होता, त्याची नजर स्वतःच्या पायाकडे होती. आता तो मुद्दाम मान वळवतो. तिसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, “अगं, त्याला दिसलं की!”

काल रात्री मी बटणं उसवून दुहेरी टीप मारली. दिग्दर्शकांना अजून सांगितलेलं नाही.