बिबड्यांवरची काजळी

जळगावात एमआयडीसीला लागूनच आमची कॉलनी. चैत्रात गच्चीवर धोतरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले, ओलसर राहिले म्हणून रात्री तिथंच ठेवले. सकाळी वर काजळी. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "काया व्हई ग्यात व माय!"

जळक्या प्लॅस्टिकचा वास तर कधीपासून येत होता, रात्री एकनंतर. पण लिहून कोणी दिलं नव्हतं. बिबडे नासले तेव्हा गल्लीतल्या बाया पेटल्या.

जळगावच्या चटया प्रसिद्ध. टाकाऊ प्लॅस्टिक धुऊन, दळून, वितळवून दाणा करतात, त्याच्याही चटया निघतात. वितळवतानाचा धूर ओढणारी यंत्रणा वीज खाते. शेजारच्या चटईच्या कारखान्यात ती रात्री बंद ठेवत असावेत, हा आमचा संशय.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज दिला, पहिल्या अर्जावर बावीस सह्या. मंडळाचे साहेब आले ते सकाळी साडेअकराला. हवा अगदी स्वच्छ! शेरा पडला, 'काही आढळून आले नाही.'

मग वही घातली. तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती वेळ. नियम एकच: वास आला तेव्हाच लिहायचं, सकाळी आठवून नाही. सगळ्यात चोख नोंदी बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका लेकीच्या, बाळाला पाजायला ती उठायचीच. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळानं दिलेली परवानगी, मागितलं. 30 दिवसांत उत्तर नाही, मग पहिलं अपील केलं, तेव्हा कागद आला. त्यात चटई विणण्याची परवानगी होती. दाणा करण्याचा उल्लेखच नाही.

अडलं ते घरातच. मागच्या गल्लीतली पोरं त्याच कारखान्यात कामाला. "बंद पडला तर आमी खायचं काय?" मला तर राग आला होता, पण त्यांचं चूक नव्हतं. अर्जातलं 'कारखाना बंद करा' खोडून 'धूर आवरा' केलं. मग त्यातलाच एक जण म्हणाला, "ताई, सही नाही करणार. पण धूर ओढणारा पंखा कधी बंद करतात ते सांगतो."

दुसरा अर्ज वहीच्या झेरॉक्ससह, रात्री पाहणी करा म्हणून. एक प्रत प्रांतांकडे, सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली. पूर्वीचं 133, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152. पाहणीची रात्र ठरली आणि कोणीतरी शहाण्यानं ग्रुपवर टाकलं, 'आज साहेब येणार.' त्या रात्री धुराचा मागमूस नाही. पुढच्या खेपेला तिघांनाच ठाऊक होतं, आणि दीडला धूर सापडला. पंचनामा झाला, नोटीस निघाली.

वास कमी झालाय, गेलेला नाही. वही चालू आहे. यंदा बिबडे पुन्हा घातले, पण दिवेलागणीला आजींनी ते खाली आणायला लावले.