तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा बॅटर चांगला कोच होतो का?

मला बेसबॉलचं वेड आहे हे कळलं की भारतातून व्हर्जिनियाला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, एवढे मोठे प्लेयर रिटायर झाल्यावर कोच म्हणून चालतात का रे? मागच्या उन्हाळ्यात बायकोचे मालवणचे मामा आलेले, त्यांनीही तेच विचारलं, वर "आमचो सचिन" वगैरे सुरू झालं. सचिनचं राहू दे मामा, म्हटलं, टेड विल्यम्सचं ऐका.

हा टेड म्हणजे १९४१ ला .४०६ च्या बॅटिंग ॲव्हरेजने मारलेला माणूस, म्हणजे दहातले चार वेळा हिट, त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये .४०० कोणालाच जमलेलं नाही. १९६० ला रिटायर झाला आणि मासेमारीत रमला. १९६९ ला वॉशिंग्टन सेनेटर्सच्या मालकाने त्याला गळ घालून मॅनेजर केलं (बेसबॉलमध्ये हेड कोचला मॅनेजर म्हणतात). टीम आदल्या वर्षी ९६ मॅच हरलेली, त्या वर्षी ८६ जिंकली!

केलं काय त्याने? माझं मत विचाराल तर त्याने मारायला शिकवलंच नाही, सोडायला शिकवलं. फ्रँक हॉवर्ड नावाचा साडेसहा फुटांच्या वरचा राक्षस होता टीममध्ये, १९६८ ला ४४ होमरन (आपल्या सिक्सरसारखं, बॉल थेट बाहेर), पण दिसेल त्या बॉलवर बॅट फिरवायचा. आता चार खराब बॉल सोडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात, आणि ह्याचे वॉक वर्षभरात फक्त ५४. पिचर (म्हणजे बेसबॉलचे बॉलर) तुला घाबरून बाहेर टाकतायत आणि तू ते मारायला जातोस, पहिला बॉल नुसता बघ की, असं टेडने त्याच्या डोक्यात भरवलं. पुढच्या वर्षी वॉक १०२, स्ट्राइकआउट (बॅटला बॉल न लागताच आउट होणं) १४१ वरून ९६, आणि होमरन उलटे वाढून ४८. शिवाजी पार्कवर ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल सोडला नाही की शिव्या पडायच्या ना, अगदी तेच.

टेडची ती नजर आणि मनगटं कोणाला देता येणार होती? मग पुढे सगळं घसरलंच. पिचर लोकांशी त्याचं कधी जमलं नाही, त्यांना तो बिनडोकच समजायचा, आणि मालकाने डेनी मॅक्लेन नावाचा पिचर आणला तो १९७१ ला २२ मॅच हरला.

२००६ ला मी सेनेटर्सच्या जुन्या ग्राउंडला, वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमला पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी वरच्या मजल्यावर मधेच एखादी खुर्ची पांढरी दिसायची, मला वाटलं रंग उडालाय, शेजारच्या आजोबांनी सांगितलं की हॉवर्डचे बॉल जिथे पडले त्या ह्या खुर्च्या. त्याच ग्राउंडवर ३० सप्टेंबर १९७१ ला सेनेटर्सची शेवटची मॅच झाली. टीम टेक्सासला चाललेली म्हणून लोक भडकलेले, हॉवर्डने होमरन मारला, सेनेटर्स ७-५ पुढे, दोनच आउट हवे होते... नाही, एकच, दोन झालेले, आणि पब्लिक मैदानात घुसलं. मॅच समोरच्या टीमला, यँकीजना बहाल.

टेक्सासला गेल्यावर पहिल्याच वर्षी १०० मॅच हरले. टेडने नोकरी सोडली आणि फ्लोरिडाला परत मासे धरायला गेला. मामांना बाकी कितपत कळलं माहीत नाही, पण हे शेवटचं एकदम पटलं.