पश्चिमेचं ऊन

परवा दारात पाकीट आलं. आमच्या वसाहतीच्या मंडळाचं पत्र: रस्त्यावरून दिसणारी हिरवी जाळी विनापरवाना आहे, 14 दिवसांत काढा, नाहीतर दंड. ती जाळी माझ्या आंब्यावर आहे. ऐन जूनमध्ये काढायची म्हणजे रोप मारायचं.

अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सला आले तेव्हा वाटायचं, ग्वाल्हेरच्या माणसाला उन्हाळ्याचं काय सांगता! नौतपा म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, लू म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, वाळ्याच्या ताट्या, सगळ्यात वाढलेली मी. पण 2023 मध्ये इथे 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा रोज 43 च्या वर गेला. आपल्याकडे तोवर पाऊस लागलेला असतो. इथे जुलैत ढग येतात, धुळीचं वादळ येतं आणि पुष्कळदा थेंबही न पडता सगळं निघून जातं.

त्या उन्हात माझ्या रोपाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मला वाटलं तहान, म्हणून रोज संध्याकाळी तांब्या-दोन तांबे पाणी घालत गेले. करपणं वाढलंच. शेवटी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिने पान उलटसुलट करून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "अगं, घोट घोट काय पाजतेस? एकदा पोटभर दे, मग वरची माती सुकू दे." इथलं पाणी सॉल्ट, वर्दे आणि कोलोरॅडो या नद्यांचं, क्षारांचं. थोडं घातलं की वरच्यावर सुकतं आणि क्षार मुळाशी साठतात. भरपूर दिलं की ते मुळांच्या खाली धुऊन जातात. आत्याला नद्या माहीत नव्हत्या, उपाय माहीत होता.

नर्सरीत मला जमिनीत पुरायचं मातीचं मडकं दाखवलं, 'ओया' म्हणतात म्हणे. किती कौतुकाने समजावत होते! आमच्या लष्करच्या परसात प्रत्येक कलमाशी असा मटका पुरलेला असायचा, तोंडावर फुटकी कौलं ठेवून. मला फार अभिमान वाटला, आणि तो मी तिथे बोलूनही दाखवला.

खोडाला मात्र इथलीच रीत केली: पांढरा रंग निम्म्या पाण्यात कालवून लावला, म्हणजे साल भाजत नाही. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरू लावतात, तसंच दिसतं.

जाळी फक्त पश्चिमेला आहे. तिकडे सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आहे. रात्री नऊलाही हात लावला तर चटका बसतो. सकाळचं ऊन झाडाला हवंच, मारतं ते दुपारनंतरचं. हे पत्र लिहिणाऱ्याने एकदा चार वाजता इथे उभं राहावं. वाळवंटात आंबा कशाला, असंही मला ऐकवलं गेलंय. दारात हिरवळ राखून रोज फवारे सोडणाऱ्यांनी तरी मला पाण्याचं सांगू नये.

आणि तरी, समोरचे आजोबा स्वतःहून आले. परवानगीचा अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं, शेजारी म्हणून माझ्यासमोर सही केली, आणि जाताना त्यांच्या झाडाची लिंबं ठेवून गेले. लष्करमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी आमचा कडुनिंब त्यांच्या गच्चीसाठी न विचारता तोडला होता, तेही आठवलं.

अर्ज दिलाय. आज शेंड्याला तांबूस पालवी फुटली. फोटो पाठवला, तर आत्याचा लगेच फोन: "जाळी सैल बांध गं, वाऱ्याने कोवळं पान घासतं." आत्ताच दोर सोडून पुन्हा बांधून आले.