चार तारांची इलेक्ट्रिक टेनर गिटार लावताना

टेनर गिटार म्हणजे दोन तारा काढून टाकलेली नेहमीची गिटार, असे समजून कामाला लागले की जुळणी सुरुवातीलाच फसते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिब्सन, मार्टिन यांसारख्या अमेरिकन कंपन्यांनी हे वाद्य आणले ते प्रामुख्याने टेनर बँजो वाजवणाऱ्यांसाठी. वाद्यवृंदांना गिटारचा नाद हवा होता आणि बँजोवादकांना बोटांची बसलेली वळणे मोडायची नव्हती. म्हणून मान अरुंद, नटापासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचे (तारांचा दुसऱ्या टोकाचा आधार) अंतर साधारण २१ ते २३ इंच आणि सूरही बँजोचेच राहिले: सी, जी, डी, ए, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात.

याखेरीज दोन पद्धती रूढ आहेत. एक शिकागो पद्धत, डी-जी-बी-ई, म्हणजे सहा तारांच्या गिटारमधल्या वरच्या सुरांच्या चार तारा. जॅझ पियानोवादक आर्ट टेटमच्या त्रिकुटात आणि १९४४ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर ध्वनिमुद्रण करणारा टायनी ग्राइम्स इलेक्ट्रिक टेनर याच पद्धतीने लावत असे. दुसरी जी-डी-ए-ई, मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली; आयरिश संगीत वाजवणाऱ्यांना ती सोयीची पडते. गिटारची बोटे पक्की असतील तर शिकागो पद्धतीने त्याच दिवशी वाजवता येते हे खरे, पण पंचमांमधून मिळणारा ऐसपैस, मोकळा नाद सोडून द्यायचा असेल तर टेनर घेण्याचे प्रयोजन माझ्या मते निम्मे संपते. निवड कोणतीही असो, ती आधी करावी, कारण तारांची जाडी, नटाच्या खाचा आणि ब्रिजवरील सॅडलची (तार टेकते तो तुकडा) जागा हे सगळे तिच्यावरच अवलंबून असते.

सी-जी-डी-ए मधली वरची ए तार ४४० हर्ट्झची असते आणि नवख्यांच्या हातून तीच तुटते. तेव्हा सहसा बारीक तार लावण्याचा सल्ला मिळतो, तो निम्माच खरा आहे. बारीक तारेवरचा एकूण ताण कमी होतो, परंतु तिचा छेदही त्याच प्रमाणात लहान होतो. त्यामुळे दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण जवळपास तेवढाच राहतो. तार तुटण्याच्या किती जवळ आहे हे मुख्यतः तिची लांबी आणि तिचा सूर ठरवतात. साडेपंचवीस इंचांच्या नेहमीच्या गिटारवर साधी पोलादी तार या सुराला पोहोचते तेव्हा ती जवळजवळ तुटण्याच्या बेतात असते. २३ इंचांवर मात्र पुरेशी सवड उरते. २३ इंचांसाठी मी इंचाच्या हजारांशांत १०, १४, २२ आणि ३२ अशा जाडीच्या तारा घेतो, पैकी शेवटच्या दोन वेटोळ्याच्या, म्हणजे वरून तार गुंडाळलेल्या. हिशेबाने प्रत्येक तारेवर साधारण ८ ते १०.५ किलो आणि मानेवर एकूण सुमारे ३७ किलो ताण येतो.

गिटार शिकागो पद्धतीसाठी लावलेली असेल तर तिच्या सर्वांत खालच्या सुराच्या तारेची खाच बहुधा २६ च्या जाडीची असते. तीत ३२ ची तार अडकून बसते, खुंटी पिळताना सूर हलत नाही आणि मग एकदम टणकन उडी मारून पुढे जातो. अशा वेळी खुंटीला दोष न देता खाच योग्य जाडीच्या कानशीने रुंद करावी, मात्र खोल करू नये. मानेचा बाक तारा पूर्ण सुरात असतानाच पाहावा: पहिला आणि शेवटचा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) दाबून धरल्यावर सातव्या फ्रेटवर सुमारे ०.२ मिलिमीटर फट दिसावी, आणि ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नये. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटर पुरते. त्यानंतर सॅडल: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसते बोट टेकवून येणारा सूर) चढा आला तर सॅडल मागे न्यावे. सी तारेला ते सर्वांत जास्त मागे लागते.

सहा चुंबकीय खांबांचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) चार तारांखाली बसवलेला असेल तर एखादी तार दोन खांबांच्या मधोमध येऊन दबकी वाजते. सलग पट्टीच्या पिकअपला ही अडचण येत नाही.

सूर लावताना तानपुऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध पंचम शोधतो, आणि इथे त्याला थोडे आवरावे लागते. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा, फ्रेटवरचा ७०० सेंटचा (सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधल्या सुरांच्या अंतराचा शंभरावा भाग). ए पासून खाली एकेक शुद्ध पंचम लावत गेल्यास सी तार सुमारे सहा सेंट उतरते आणि फ्रेटवर दाबलेल्या सुरांशी तिचे पटेनासे होते. म्हणून खालच्या तारेच्या सातव्या फ्रेटवर दाबलेला सूर वरच्या मोकळ्या तारेशी मिळवावा. डी आणि ए एकत्र छेडल्यावर सेकंदाला साधारण एक अशी आवाजाच्या चढउताराची संथ लाट ऐकू आली तर जुळणी बरोबर आहे. खालच्या जोड्यांत ती आणखी संथ होते. मान बारीक असल्यामुळे शेवटची तार चढवताना आधी लावलेल्या तारा किंचित उतरतात, म्हणून दुसरी फेरी घ्यावीच लागते.